अर्ध्या सेंटिमीटरचा बीम मोजायचा कशाने? कृत्रिम हिरा आणि कॅन्सरचं रेडिएशन

अर्धा_सेंटिमीटर

हिऱ्यांच्या भावावरच्या मागच्या धाग्यात लॅबमधल्या हिऱ्याला नकली म्हणावं की नाही यावरून बरीच जुंपली होती. दागिन्यातलं मला काही कळत नाही. पण आमच्या खात्यात नकलीच चालतो, खाणीतल्याला आता कुणी विचारत नाही, असं मी तिथे लिहून गेलो आणि दोघातिघांनी सविस्तर लिहा म्हणून तगादा लावला. म्हणून हा वेगळा धागा.

मी मेडिकल फिजिसिस्ट. पुण्यात एका रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात असतो. पेशंट ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते देणाऱ्या मशीनमधून हवा तेवढाच डोस निघतोय ना, हे बघणं माझं काम. किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. त्यांनी दोन ग्रे लिहिले तर दोनच जायला हवेत. महिन्याच्या तपासणीत दोन टक्क्यांहून जास्त फरक दिसला की आधी कारण शोधायचं, मग बाकीचं.

आता हा डोस मोजायचा कसा? एक ग्रे म्हणजे एका किलोत जिरलेली एक ज्यूल ऊर्जा. तोंडाच्या नाहीतर घशाच्या कॅन्सरला साधारण ७० ग्रे देतात, ३५ बैठकांत वाटून. हे सगळे ७० ग्रे एकदम पाण्याला दिले तरी पाणी ०.०२ अंशानेसुद्धा तापत नाही. इतक्या थोड्या ऊर्जेने पेशी मरतात कारण ती डीएनए तोडते, उष्णतेचा तिथे काही संबंध नाही. तेव्हा रुग्णालयात थर्मामीटरचा उपयोग शून्य. रेडिएशन जिथून जातं तिथे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते गोळा करायचे आणि विद्युतभार मोजायचा, हा आमचा मार्ग.

त्यासाठीचं जुनं आणि भरवशाचं उपकरण म्हणजे फार्मर चेंबर. २३ मिलिमीटर लांबीची नळीसारखी पोकळी, आत ०.६ घन सेंटिमीटर साधी हवा, मधोमध एक इलेक्ट्रोड. पोकळी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, त्यामुळे पुण्यात तिची एक खोड सांभाळावी लागते. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, हवा विरळ, म्हणून मुंबईपेक्षा आकडा सहा-सात टक्क्यांनी कमी पडतो. दाब आणि तापमान बघून तो सुधारून घ्यायचा. रेडिएशन विभागात बॅरोमीटर टांगलेला दिसला तर तो हौस म्हणून नसतो.

बीम जेवढ्या जागेवर पडतो त्याला फील्ड म्हणतात. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या फील्डला हे चेंबर उत्तम. गडबड सुरू होते ती फील्ड लहान झालं की. मेंदूत आठ-दहा मिलिमीटरची गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही, तर बारीक बीम सगळ्या बाजूंनी फिरवून एकाच बैठकीत १८-२० ग्रे देतात. याला स्टिरिओटॅक्टिक म्हणतात. बीम पाच मिलिमीटरचाही असू शकतो. नळाची बारीक धार परातीत धरली आणि परातीत पाणी किती चढलं त्यावरून धारेचा जोर ठरवला, तर काय होईल? जोर कितीही असो, परातीत पाणी जेमतेम तळ झाकणार. लहान बीममध्ये मोठं चेंबर ठेवलं की हेच होतं. पोकळीच्या मधल्या भागावर पूर्ण मारा, दोन्ही टोकं कोरडी, आणि हाती येतो तो सगळ्याचा सरासरी आकडा, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी.

आणि यातला धोका उलट्या दिशेचा आहे. आकडा कमी आला की आपली समजूत होते की लहान फील्डला मशीन कमी डोस देतं. मग ती भरपाई म्हणून कॉम्प्युटर बीम जास्त वेळ चालू ठेवतो. पेशंटला जातो जास्त डोस, आणि कागदावर सगळं बरोबर.

फ्रान्समध्ये तुलूझ इथे हे घडलं. एप्रिल २००६मध्ये स्टिरिओटॅक्टिक मशीन सुरू करताना लहान फील्डसाठी नको तेवढा मोठा मापक वापरला गेला. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मशीन बनवणाऱ्या कंपनीने निरनिराळ्या रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा तुलूझचे जुळेनात. तोवर १४५ पेशंटांवर उपचार होऊन गेले होते. तिकडे अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला २००४पासून २००९पर्यंत हीच चूक चालू राहिली. ७६ जणांना सुमारे ५० टक्के जास्त डोस गेला. दुसऱ्या एका फिजिसिस्टचं त्या मशीनवरचं प्रशिक्षण झालं आणि त्याने पुन्हा मोजून पाहिलं, तेव्हा उघड झालं. दोन्हीकडे यंत्र बिघडलेलं नव्हतं. रोजची तपासणी मोठ्या फील्डवर होते आणि तिथे आकडे चोख येत होते. शिकताना ही दोन नावं आम्हाला ऐकवली जातात, आणि चांगलं आहे ते.

मग लहान चेंबर करा की, असं कुणीही म्हणेल. केली आहेत. पण हवा मुळात विरळ. पोकळी जितकी लहान तितका भार कमी, आणि एका मर्यादेखाली केबलमध्ये उगाच तयार होणारा प्रवाहच मूळ सिग्नलच्या बरोबरीला येऊन बसतो.

इथे हिरा येतो. हा हिशोब मला फार आवडतो, म्हणून मांडतोच. हिऱ्याची घनता ३.५, म्हणजे हवेच्या जवळजवळ २,९०० पट. हवेत इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेला धनभार अशी एक जोडी सुटी करायला सुमारे ३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, हिऱ्यात १३. म्हणजे तेवढ्याच जागेत हिरा हवेच्या साडेसात हजार पटींच्या आसपास भार देतो. बाजारात सध्या जो कृत्रिम हिऱ्याचा डिटेक्टर सर्रास वापरतात, त्यातला संवेदनशील भाग २.२ मिलिमीटर व्यासाची चकती आहे आणि तिची जाडी फक्त एक मायक्रोमीटर. आकारमान ०.००४ घन मिलिमीटर. फार्मरच्या पोकळीपेक्षा दीड लाख पटींनी लहान. फार्मर एका ग्रेला साधारण २० नॅनोकुलोंब भार देतो. त्याला दीड लाखाने भागा आणि साडेसात हजाराने गुणा, उत्तर येतं एक नॅनोकुलोंब. उत्पादकाच्या माहितीपत्रकातही तोच आकडा आहे!

दुसरं कारण अणुक्रमांकाचं. कार्बनचा सहा, आणि मऊ ऊतींचा सरासरीने सात-साडेसात. सिलिकॉनचा (डायोड नावाचे लहान मापक त्याचेच करतात) चौदा. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना सिलिकॉन गरजेपेक्षा जास्त शोषतो, हिरा मात्र शरीरासारखा वागतो. वर दणकटपणा. लाखो ग्रे पचवूनही तो फारसा ढिला पडत नाही.

हा डिटेक्टर रोमच्या तोर व्हेर्गाता विद्यापीठात विकसित झाला आणि २०१३च्या सुमारास एका जर्मन कंपनीने बाजारात आणला. रचना अशी: खाली स्वस्तातल्या कृत्रिम हिऱ्याचा तुकडा, त्यावर बोरॉन मिसळलेला वीजवाहक हिऱ्याचा थर, त्यावर अतिशुद्ध हिऱ्याचा तो एक मायक्रोमीटर, आणि वर धातूचा पातळ लेप. धातू आणि हिरा जिथे भेटतात तिथे आपोआप विद्युतक्षेत्र तयार होतं, त्यामुळे बाहेरून व्होल्टेज द्यावं लागत नाही.

हा सर्वगुणसंपन्न आहे असं मात्र समजू नका. हिरा स्वतःहून ग्रे सांगत नाही. त्याला आधी मध्यम आकाराच्या फील्डमध्ये चेंबरच्या शेजारी बसवून जुळवून घ्यावं लागतं, आणि ते चेंबर बीएआरसीच्या प्रमाणक प्रयोगशाळेशी जुळवलेलं असतं. मोजायला बसण्याआधी हिऱ्याला थोडा डोस देऊन स्थिर करावं लागतं. शिवाय किंमत लाखांत. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

चिंगी७२

मस्त लेख. वाचनखूण साठवली आहे. माझ्या अंगठीतला हिरा मशीनखाली धरला तर चालेल का? नुसता लॉकरमध्ये पडून आहे, काही कामाला तरी येईल. :)

अर्धा_सेंटिमीटर

चिंगीताई, वायर कुठे जोडू? :) गंमत सोडा, पण नाही चालणार. नैसर्गिक हिऱ्यांपैकी बहुतेकांत नायट्रोजन असतो, दहा लाखांत शेकडो अणूंपर्यंत. सुटलेला इलेक्ट्रॉन अशा जागी अडकून बसतो, इलेक्ट्रोडपर्यंत पोचतच नाही. डिटेक्टरच्या हिऱ्यात नायट्रोजन अब्जात पाच अणूंच्या आत लागतो. लॉकर सुरक्षित आहे.

निवृत्त_अणुजीवी

धागा वाचून जुने दिवस आठवले. थोडी भर घालतो.

हिऱ्याने किरण मोजण्याची कल्पना तुमच्या-माझ्यापेक्षा जुनी. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९४७मध्ये हिऱ्यावर अल्फा कण सोडून विजेचे ठोके मोजले होते. पण प्रत्येक खडा वेगळा वागायचा. १९९०च्या दशकात रेडिओथेरपीसाठी नैसर्गिक हिऱ्याचा जो डिटेक्टर मिळायचा त्यातले हिरे शेकडो खड्यांतून निवडून काढावे लागत. घडण लाटव्हियातल्या रीगाची, विक्री जर्मन कंपनीची. १०० व्होल्ट लावायचे, सकाळी आधी बऱ्यापैकी डोस पाजायचा, मग मोजायला बसायचं. त्याहून वैताग म्हणजे डोस देण्याचा वेग बदलला की हिऱ्याचा प्रतिसाद त्याच प्रमाणात बदलत नसे. वेगाला ०.९८ असा काहीतरी घातांक लावावा लागे, तोही प्रत्येक हिऱ्याचा आपापला. म्हणजे मापकाचीच आधी कुंडली मांडायची. दोन रुग्णालयांतले दोन हिरे एकसारखे नसत, त्यामुळे एकमेकांचे आकडे ताडून बघायची सोय नाही. किंमत अशी की आमच्याकडे तो कपाटात कुलूपबंद असे आणि चावी साहेबांच्या खिशात.

कृत्रिम हिऱ्याने हे सगळं संपवलं. एकदा कृती बसली की शंभरावा हिरा पहिल्यासारखा. मोजमापाच्या धंद्यात हीच गोष्ट मोलाची, चमक नव्हे.

अर्धा_सेंटिमीटर

काका, दंडवत. घातांकाचं मी फक्त पुस्तकात वाचलंय. एकच पुस्ती जोडतो: शंभरावा अगदी पहिल्यासारखा अजूनही नसतो. चकतीचा प्रत्यक्षात काम करणारा व्यास कागदावरच्या व्यासापेक्षा थोडा कमी-जास्त निघतो, असं वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दिसलं आहे. पण रीगाच्या खड्यांशी याची बरोबरी नाही, हे मान्य.

शंकासुर

लेख छान आहे, पण हिऱ्याचं कौतुक जरा जास्त होतंय का? सिलिकॉन डायोड याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो. त्याचा संवेदनशील भाग तर हिऱ्यापेक्षाही अरुंद, एक मिलिमीटरच्या आसपास. बरोबर ना? मग तुमच्याच परातीच्या न्यायाने डायोड सरस ठरायला हवा. २.२ मिलिमीटरची चकती पाच मिलिमीटरच्या बीममध्ये थोडी परात झालीच की. आणि चुका दुरुस्त करायला तक्ते आहेत ना आंतरराष्ट्रीय संस्थांचे?

अर्धा_सेंटिमीटर

शंका रास्त आहे. तक्ते आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१७मध्ये खास लहान फील्डसाठी टीआरएस-४८३ नावाची नियमावली काढली. कुठला मापक, केवढं फील्ड, किती दुरुस्ती, सगळं त्यात आहे. शिस्तीत वापरला तर डायोडने काम उत्तम होतं आणि पुष्कळ ठिकाणी होतंही आहे.

पण चूक दोन प्रकारची असते. एक परातीची, तिच्यामुळे आकडा कमी येतो. दुसरी घनतेची. डिटेक्टर पाण्यापेक्षा जड असला की बारीक बीममध्ये तो आपल्या आसपास जास्त इलेक्ट्रॉन अडवतो आणि आकडा वाढतो. डायोड अरुंद, म्हणून त्याची पहिली चूक नगण्य, पण दुसरी उरतेच. अर्ध्या सेंटिमीटरच्या फील्डला तो काही टक्के जास्त दाखवतो. हिऱ्यात दोन्ही चुका आहेत आणि त्या एकमेकींना खातात. एक सेंटिमीटरच्या फील्डपर्यंत दुरुस्ती जेमतेम एखाद टक्का. त्याखाली हिराही जास्तच दाखवू लागतो आणि तक्ता उघडावा लागतो. म्हणजे यात थोडी पुण्याई योगायोगाची आहे, ते कबूल.

बाकी डायोड रेडिएशन खाऊन खाऊन मंदावतो, तापमानालाही जास्त हलतो. दर काही महिन्यांनी त्याची तब्येत तपासावी लागते. आणि मला विचाराल तर लहान फील्ड एकाच मापकाने मोजून मोकळं होऊच नये. हिरा, डायोड आणि रेडिएशन पडलं की रंग बदलणारी फिल्म, तिन्ही जुळले तरच आकडा कॉम्प्युटरमध्ये भरावा. स्प्रिंगफील्डला आणि तुलूझला दुसरा मापक कुणी पाण्यात घातला असता तरी पुरे होतं.

शंकासुर

योगायोगाची कबुली आवडली. शंका मागे घेतो. अर्धी.

तापीकाठ

नमस्कार. मी मूळ धुळ्याचा, सुरतला उधना भागात राहतो. लॅबग्रोनच्या कारखान्यात मशीनवर आहे. लेख वाचून बरं वाटलं, आमच्या कामाला लोक नुसतं नकली नकली म्हणतात.

आमच्याकडे सीव्हीडी चालतं. हिऱ्याची पातळ सीड ठेवायची, हायड्रोजनमध्ये थोडा मिथेन सोडायचा, मायक्रोवेव्हने प्लाझ्मा पेटवायचा. सीड आठशे-हजार डिग्रीला लाल होते आणि थरावर थर चढतो. माझा प्रश्न असा की आमच्याकडे दहा-बारा मिलिमीटरच्या प्लेटा सहज निघतात. भाव तर असा पडलाय की बोलायची सोय नाही. मग डिटेक्टरवाल्यांना आमचा माल का चालू नये? तुमचा हिरा तर दोन मिलिमीटरचा.

अर्धा_सेंटिमीटर

तापीकाठ भाऊ, स्वागत. तुम्हीच सांगा, ग्रोथ लवकर व्हावी म्हणून गॅसमध्ये थोडा नायट्रोजन सोडतात की नाही?

तापीकाठ

सोडतात ना. त्याशिवाय ग्रोथला वेग येत नाही, आणि वीजबिल मालकाचं कंबरडं मोडतं. थोडा ब्राऊनपणा येतो, तो मग एचपीएचटीला (प्रचंड दाब आणि तापमानाच्या प्रक्रियेला) देऊन काढतात.

अर्धा_सेंटिमीटर

तिथेच गाडी अडते. दागिन्याला रंग गेला की झालं. डिटेक्टरला नायट्रोजन आत राहिलेला चालत नाही, दिसो वा न दिसो. त्यासाठी गॅस अतिशुद्ध हवा, रिअॅक्टरला बारीकशीही गळती नको, ग्रोथ सावकाश हवी, आणि सीडच्या पृष्ठभागावरचे दोषसुद्धा वर चढत जातात म्हणून पॉलिश वेगळ्या दर्जाचं हवं. जगात असा इलेक्ट्रॉनिक दर्जाचा हिरा करणारे मोजकेच आहेत. त्यांच्याकडचा नेहमीचा तुकडा साडेचार मिलिमीटर चौरस असतो. म्हणजे तुमच्या प्लेटेपेक्षा लहान!

आपल्याकडे काहीच चाललेलं नाही असंही नाही. २०२३च्या अर्थसंकल्पात लॅबमधल्या हिऱ्याच्या संशोधनासाठी पाच वर्षांचं अनुदान जाहीर झालं, ते आयआयटी मद्रासला मिळालं, सुमारे २४३ कोटी. भर आहे तो सीड आणि मशीन देशात बनवण्यावर. दागिन्यांचा बाजार डोळ्यापुढे ठेवून ते दिलं असलं, तरी तीच मशीनं उद्या हळू चालवता येतील.

जिनिव्हाकर

उशिरा आलो. मी सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेजवळ राहतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या कामावर आहे. हिऱ्याची इकडची बाजू सांगतो.

सर्नमध्ये १९९४मध्ये आरडी-४२ नावाचा गट फक्त हिऱ्याच्या डिटेक्टरवर काम करायला सुरू झाला. अॅटलास आणि सीएमएस या मोठ्या प्रयोगांच्या पोटात, बीमच्या नळीजवळ, सीव्हीडी हिऱ्याचे तुकडे बसवले होते. काम राखणदारीचं. प्रोटॉनांचा झोत भरकटला तर महागडे डिटेक्टर जळतील, म्हणून मारा वाढताच हिरा इशारा देतो आणि बीम बाहेर काढून टाकता येतो. तिथे सिलिकॉन लवकर थकतो. हिऱ्याचा सिग्नल नॅनोसेकंदात येऊन जातो, आणि त्याला बर्फात ठेवावंही लागत नाही.

आता प्रश्न. लेखात तुम्ही लिहिलंय ते पाण्याच्या टाकीत एकदा मोजून ठेवण्याबद्दल. पेशंट टेबलावर असताना, बीम चालू असताना, हिरा पहारा देतो का?

अर्धा_सेंटिमीटर

नेहमीच्या लिनॅकमध्ये, म्हणजे आमच्या रोजच्या रेडिएशन मशीनमध्ये, नाही, आणि गरजही नाही. मशीनच्या डोक्यात, बीमच्या वाटेत, एकमेकांवर अवलंबून नसलेली दोन पातळ चेंबर असतात. पहिलं ठरलेला डोस झाला की बीम बंद करतं, ते चुकलं तर दुसरं करतं. त्यांच्या मोजमापाला मॉनिटर युनिट म्हणतात, आणि ठरावीक परिस्थितीत १०० युनिट म्हणजे एक ग्रे, असं आम्ही बसवून घेतो.

चेंबर हार मानतं ते फ्लॅशमध्ये. नेहमी आम्ही मिनिटाला काही ग्रे देतो. फ्लॅशमध्ये सेकंदाला ४०पेक्षा जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की इतक्या वेगाने दिलं तर गाठीवर परिणाम तोच, पण आसपासचा निरोगी भाग कमी भाजतो. फ्रान्समधल्या गटाचा तो अभ्यास २०१४चा. पहिला पेशंट तुमच्या शेजारी, लोझानला, २०१८मध्ये. ७५ वर्षांचे गृहस्थ, त्वचेचा लिम्फोमा, १५ ग्रे एकूण ९० मिलिसेकंदांत. एवढ्या माऱ्यात चेंबरमधल्या हवेत इतके आयन एकदम तयार होतात की इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याआधीच ते एकमेकांना मिळून जातात. आकडा कमी. पुन्हा तोच जुना धोका, नव्या वाटेने.

गंमत म्हणजे लेखातला नेहमीचा हिराही फ्लॅशमध्ये गुदमरतो. म्हणून त्याच रोमच्या गटाने त्याची अंतर्गत रचना बदलून फ्लॅशसाठी वेगळा हिरा केला. तो एकेका पल्सला कित्येक ग्रे आले तरी सरळ रेषेत राहतो. आणि बीमच्या वाटेतच ठेवता येतील असे अतिपातळ हिरे, जे प्रत्येक पल्स मोजतील आणि बीमला फारसे अडवणार नाहीत, त्यावर निरनिराळ्या देशांत काम चालू आहे. ९० मिलिसेकंदांत माणसाने बटण दाबून थांबवणं शक्यच नाही, तेव्हा पहारेकरी तेवढा चपळ हवा.

कोपरखैरणेकर

आमच्या जवळ खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन मशीन आलंय. तिथे हा हिरा लागतो का? आणि प्रोटॉनला एवढा भाव का?

अर्धा_सेंटिमीटर

त्यांच्या कपाटात काय आहे ते मला ठाऊक नाही, सर्वसाधारण सांगतो. खारघरला प्रोटॉनचे उपचार २०२३मध्ये सुरू झाले, त्याआधी २०१९मध्ये चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात. क्ष-किरण शरीर भेदून पलीकडे जातात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीला थांबतो आणि थांबता थांबता सगळ्यात जास्त ऊर्जा तिथे टाकतो. ७० एमईव्ही (कणाच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा पाण्यात चार सेंटिमीटरवर, २३० एमईव्हीचा ३३ सेंटिमीटरवर. मुलांच्या मेंदूच्या किंवा मणक्याजवळच्या गाठींना याचा फार उपयोग, कारण गाठीच्या मागचं जवळजवळ वाचतं.

तो शेवटचा डोसाचा सुळका मोजणं कठीण. तिथे प्रोटॉन मंदावलेला असतो, ऊर्जा दाटीने टाकतो, आणि फिल्मसारखे मापक तिथेच कमी दाखवतात. हिरा प्रोटॉनमध्ये तिथेही बराच प्रामाणिक राहतो. पण एका बारीक बीमची सगळ्या खोलींवरची एकूण ऊर्जा मोजायची असते, तेव्हा उलट आठ सेंटिमीटर व्यासाचं चेंबर घेतात, म्हणजे बाजूला फेकलेले कणही निसटू नयेत. तिथे परातच लागते! कुठला मापक चांगला हे विचारण्याआधी काय मोजायचंय ते विचारावं लागतं.

सई_म

मी फक्त वाचत होते, पण विचारते. माझ्या सासूबाईंना जिभेच्या ऑपरेशननंतर ३० शेक सांगितले आहेत, पुढच्या आठवड्यात सुरू होतील. तुलूझचं वाचून पोटात गोळा आला. रुग्णालयात हिऱ्याचा डिटेक्टर आहे का असं विचारू का? विचारलेलं त्यांना आवडेल का?

अर्धा_सेंटिमीटर

सईताई, घाबरू नका. सासूबाईंचं फील्ड मोठं असणार, जबड्यापासून मानेपर्यंत. तुलूझची चूक एक-दोन सेंटिमीटरच्या आणि त्याहून लहान फील्डची होती. तुमच्या बाबतीत कामाचा मापक म्हणजे साधं फार्मर चेंबर, आणि ते रेडिएशनच्या प्रत्येक विभागात असतं. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्याशिवाय मशीन सुरूच होत नाही, आणि परवान्यासाठी पात्र फिजिसिस्ट व जुळवलेलं चेंबर लागतंच.

विचारायचंच असेल तर हे विचारा: सासूबाईंचा प्लॅन मशीनवर आधी पेशंटशिवाय चालवून तपासला का? आधुनिक पद्धतीच्या उपचारात ही तपासणी करतात. फिजिसिस्टला भेटायचंय म्हणालात तर उलट बरं वाटेल, आम्हाला सहसा कुणी विचारत नाही. आणि हिऱ्यापेक्षा आत्ता दातांचं महत्त्वाचं. किडलेले दात शेक सुरू व्हायच्या आधी डेंटिस्टला दाखवून घ्या, नंतर काढणं जोखमीचं होतं. तोंड आलं की खाणं तुटतं, त्याची तयारी ठेवा. मास्क घट्ट बसतो, पहिल्या दिवशी त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाहीत.

सई_म

दातांचं कुणी बोललंच नव्हतं. उद्याच नेते. मनापासून आभार.

निवृत्त_अणुजीवी

सईताई, तुमच्या सासूबाईंना लवकर आराम पडो.

धागाकर्ते, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमधलं (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून तीव्र क्ष-किरण काढणारं यंत्र) मायक्रोबीमचं काम पाहिलंत का? तिथे पन्नास मायक्रोमीटर रुंदीचे बीम, चारशे मायक्रोमीटरच्या अंतराने, रांगेत. त्याला तुमचा २.२ मिलिमीटरचा हिरा कसा पुरणार?

अर्धा_सेंटिमीटर

काका, आडवा करून! चकती बीमकडे तोंड करून न ठेवता कडेवर उभी करायची. मग बीमला दिसते ती फक्त एक मायक्रोमीटरची धार. ऑस्ट्रेलियातल्या सिंक्रोट्रॉनवर असं मोजलंही आहे. अर्थात ती कड बीमला तंतोतंत समांतर लावताना मोजणाऱ्याचे डोळे पांढरे होत असणार. ग्रेनोबलला हिऱ्यावर पट्ट्या पाडून प्रत्येक मायक्रोबीमला स्वतःची पट्टी देण्याचाही प्रयत्न झाला आहे.

जिनिव्हाकर

आणि अडचण आकाराचीच राहते ना? मोठं फील्ड झाकायचं तर एकसंध हिरा तेवढा मिळत नाही. बहुस्फटिकी वेफर, म्हणजे अनेक बारीक स्फटिकांच्या चकत्या, काही इंचांचे मिळतात, पण त्या स्फटिकांच्या सीमांवर भार अडकतो. आमच्या राखणदारीला ते चालतं, मारा वाढला एवढं कळलं की पुरे. तुमचं एक-दोन टक्क्यांचं काम त्यावर भागणार नाही.

अर्धा_सेंटिमीटर

अगदी. म्हणून मोठ्या फील्डचं काम अजून चेंबरकडेच आहे, आणि वाटेतला हिरा बारीक बीमपुरता. लहान हिरे जोडून चादर करण्याचे प्रयत्न आहेत, पण सांध्यांवर काय करायचं हा प्रश्न उरतोच.

तापीकाठ

मालकाशी बोललो. एक जुनं मशीन बंदच पडून आहे, ऑर्डर नाही म्हणून. त्यावर नायट्रोजन न सोडता सावकाश एखादी प्लेट काढून बघायला ते तयार आहेत, फक्त ती तपासायची कुठे ते सांगा. आमच्याकडे रंग आणि क्लॅरिटीच्या पलीकडे तपासायची सोय नाही. तुम्ही घ्याल का बीमखाली?

अर्धा_सेंटिमीटर

बीमखाली नंतर. आधी नायट्रोजन किती राहिला ते प्रकाशमापनाने बघावं लागेल, आणि मग दोन्ही बाजूंना धातूचा लेप. रुग्णालयात यातलं काहीच होत नाही, पण ओळखीतल्या एका प्रयोगशाळेत विचारतो. मशीनची माहिती, गॅसचा दर्जा आणि प्लेटेची जाडी लिहून ठेवा. व्यनि केला आहे.